उतरती ऊब

आमच्या गल्लीत घड्याळं घरोघरी होती, पण वेळ सांगायला ती कुणी वापरायचं नाही. "पावाला उठले", "बिस्किटाला भेट", "टोस्टाच्या आत परत येते" असं सगळं चालायचं. नवीन राहायला आलेल्या माणसाला वाटायचं, ही माणसं दिवसभर खातच असतात. तसं नव्हतं. गल्लीच्या वरच्या टोकाला विटांची भट्टी होती आणि ती जशी तापायची नि उतरायची तसा आमचा दिवस चढायचा नि उतरायचा.

भट्टी मावशीच्या हातात होती. मावशी माझी कुणी लागत नाही, ती अख्ख्या गल्लीची मावशी. बेकरी कागदावर तिच्या धाकट्या दिराची. त्याला सगळे धाकटाच म्हणतात, डोक्याचे केस पिकले तरी. पण आग मावशीची. पहाटे ती भट्टीच्या पोटात लाकडं पेटवायची, घुमट आतून पांढरा पडेपर्यंत जाळायची, मग निखारे ओढून काढायची आणि काठीला बांधलेलं ओलं पोतेरं तळावरून फिरवायची. त्यानंतर चिमूटभर पीठ आत भिरकावायची. पडल्या पडल्या काळं झालं तर थांबायचं. सावकाश तांबूस झालं तर पाव आत.

पाव निघाले की भट्टी थोडी उतरलेली असायची, तेव्हा बिस्किटं. आणखी उतरली की टोस्ट, ते भाजायचे नसतात, नुसते वाळवायचे असतात. आणि टोस्ट निघाले की गल्लीची पाळी. त्या पाळीला आम्ही "उतरती" म्हणायचो. कुणी कडधान्याचं पातेलं झाकण लावून ठेवायचं, ते संध्याकाळपर्यंत लोण्यासारखं शिजायचं. सुतार डिंक लावलेल्या फळ्या आणायचा. रस्ता झाडणारी बाई आपले ओले हातमोजे नि पायमोजे आणायची. शाळेतल्या पोरांचे बूट यायचे, माझेही तिथंच वाळलेत. सगळ्यात शेवटी, भट्टी नुसती कोमट उरली की मांजर. ते आपलं आपण यायचं आणि राखेच्या खणात अंग मुडपून झोपायचं.

उतरतीला नियम एकच, रिकाम्या हातानं यायचं नाही. येताना जाळायला काहीतरी आणायचं. तुटकी खुंटी, खोक्याची फळी, सुताराचा भुसा. ज्याच्याकडे काहीच नसेल त्याने रस्त्यावरची एक काटकी तरी. ती काटकी हातात घेऊन मावशी म्हणायची, "बास झालं. नाव लागलं तुझं."

आणि दुसरा न सांगितलेला नियम म्हणजे मध्ये घुसायचं नाही. एकदा शिंप्याला घाई होती. त्यानं टोस्टाच्या वेळेलाच एक ओला लोकरी कोट आत सरकवला. कोट वाळला, पण पाठीवर बशीएवढा करपा घेऊन. शिंपी बोंबलायला लागला तर मावशी म्हणाली, "ऊब रांगेनं घ्यायची असते, बाबा. आधी कडक लागणाऱ्यानं, मग नरम लागणाऱ्यानं. तू राजा होऊन पुढं घुसलास, आता पाठ भाजली तर रडतोस कशाला?"

तिचं सगळं ज्ञान मनगटाच्या मागच्या बाजूला होतं. तळहात तिला चालायचा नाही. "कामं करून मेलाय तो, त्याला काय कळतंय," म्हणायची. मनगट उलटं करून ती भट्टीच्या तोंडाशी धरायची, भिंतीशी धरायची, पोरांच्या कपाळाला लावायची.

उतरतीच्या रांगेत मांजराच्याही मागे एकजण होता, तो म्हणजे मावशीचा नवरा. त्याला पैलवान म्हणायचे. तरुणपणी तो कणीक मळायचा तेव्हा लोक बघायला उभे राहायचे. दंड असे की पाव त्याच्यापुढे गरीब दिसायचा. पण बंद खोलीत इतकी वर्षं पीठ उधळलं, ते सगळं त्याच्या छातीत जाऊन बसलं. मी ओळखू लागले तेव्हा त्याचा पिंजरा झालेला. नाव मात्र पैलवानच. गल्ली चिडवते म्हणून नाही, गल्लीला बदलायचा कंटाळा म्हणून.

नवरा-बायको भट्टीच्या मागच्या खोलीत राहायचे. भट्टीची पाठ आणि त्यांच्या खोलीची भिंत एकच. भट्टीनं दिवसभर सगळ्यांना वाटून जे उरायचं ते त्या भिंतीत मुरायचं आणि रात्रभर खोलीत झिरपायचं. पैलवानाची खाट भिंतीला चिकटवलेली होती. तो पाठ टेकवून बसल्या बसल्या झोपायचा, कारण आडवं झालं की दम लागायचा. डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, औषध आहे तेवढं आहे, पण हिवाळ्यात याच्या अंगाला गारठा लागू देऊ नका, तो याला झेपणार नाही. मावशीनं ऐकून घेतलं आणि खाट आणखी वीतभर आत सरकवली. विषय संपला.

आता धुराबद्दल. भट्टीचं धुराडं खुजं होतं आणि आमची गल्ली अरुंद. वाऱ्याची दिशा फिरली की धूर खाली बसायचा. वाळत घातलेले कपडे काळे, खिडक्या काळ्या, नाकं काळी. खालच्या टोकाच्या दोन पोरांना दम्याचा त्रास सुरू झाला, तेव्हा मी उठले. घरोघरी गेले, सह्या घेतल्या, नगरपालिकेत ठिय्या दिला, एका साहेबाच्या टेबलावर काळी झालेली उशीची खोळ पसरून ठेवली. दाट वस्तीत लाकडाची भट्टी नको असा निकाल लागला. तो लढा माझा होता आणि त्याचा मला अभिमान आहे. आजही तसंच करीन. धुरानं पैलवानाची छाती काय सुधारत नव्हती.

धाकट्यानंही फार आढेवेढे घेतले नाहीत. लाकूड मिळेना झालं होतं, घुमटाला तडा गेला होता. त्यानं गॅसवरची लोखंडी भट्टी सांगितली. ती पुढच्या अंगाला बसणार, जुनी पाडायची आणि तिच्या जागी पिठाची पोती रचायची.

हे कळलं त्या दिवशी मी टोस्टाला बेकरीत गेले. मला वाटलं होतं मावशी माझ्याशी बोलणार नाही. ती टोस्टाचे तुकडे पत्र्यावर लावत होती.

"ये," ती म्हणाली. "तुझा धूर जातोय."

"मावशी, धूर जायलाच हवा होता."

"मी कुठं नाही म्हणाले? माझे डोळे काय फुकट लाल होतात?" तिनं पत्रा आत सरकवला. "धूर जाऊ दे. भिंतीचं काय ते सांग."

मला तेव्हा कळलं. बाकी कुणाला नाही, तिला मात्र पहिल्या क्षणापासून तेवढंच दिसत होतं. नवी भट्टी आली की भिंत थंड, आणि हिवाळा दाराशी.

माझं डोकं भडकायला काडी लागत नाही. म्हटलं, "धाकट्याला मी बघते. सख्ख्या भावाची त्याला काही पडलेली नाही? गल्ली गोळा करते. दारात बसवते सगळ्यांना."

"बसव. आणि मोर्चानं भिंत तापते का?"

"मावशी, मी गंमत करत नाहीये."

"मी पण नाही. त्याचं काय चुकलंय गं? तूच म्हणालीस भट्टी नको, आता तूच म्हणणार भट्टी हवी. त्यानं बिचाऱ्यानं कुठल्या बाईचं ऐकावं?"

मागच्या खोलीतून पैलवानाचा आवाज आला. "दोघींचं नको म्हणावं. मी ऐकून ऐकून असा झालोय."

मग आम्ही दोघी त्यांच्या खोलीत गेलो आणि बोलणं भलतीकडेच गेलं. मी शाळा लवकर सोडली, पुढचं सगळं रद्दीच्या दुकानात वाचलं. त्यात विज्ञानाची पुस्तकं बरीच होती, रद्दीत तीच जास्त येतात. मी सांगितलं की ऊर्जा नष्ट होत नाही. तेवढीच राहते, फक्त रूप बदलते.

मावशीनं मनगट भिंतीला लावलं. "मग सकाळपर्यंत ही गार का होते?"

"पसरते ती. खोलीत, हवेत, बाहेर."

"आणि पसरली की परत गोळा करता येते?"

"तशी नाही येत."

"म्हणजे गेलीच की. नष्ट होत नाही म्हणे. हरवलेलं पोर जिवंत आहे पण सापडत नाही, तसलं सांगतेस."

पैलवान हसला आणि त्याला खोकला आला. तो शमल्यावर म्हणाला, "पण ही येते कुठून ते विचार तिला."

ते मला नीट येत होतं. झाड ऊन खातं आणि लाकूड होतं. लाकूड पेटवलं की ते जुनं ऊन मोकळं होतं. गहूसुद्धा ऊन खाऊनच वाढतो.

"म्हणजे," मावशी म्हणाली, "आम्ही उन्हावर ऊन भाजतो."

"आणि ते ऊन खाऊन मी मळायचो," पैलवान म्हणाला. "दंडातून परत कणकेत. चक्कर आहे सगळी."

"चक्कर नाही," मी म्हटलं. "उतरण आहे. वर सूर्य, मग झाड, मग भट्टी, मग पाव, मग आपण. दर पायरीला थोडी सांडते."

"आपल्या खाली कोण?"

"मांजर," मावशी म्हणाली.

आणि तिघंही हसलो. पण तिचं मनगट भिंतीवरून निघालं नव्हतं.

भट्टी पाडायला आले त्या दिवशी मावशीनं एकच हट्ट धरला. मागची भिंत तशीच ठेवायची, आणि घुमटाच्या विटाही टाकायच्या नाहीत. धाकटा म्हणाला, "वहिनी, काजळीच्या विटा ठेवून काय करणार?"

"भावजी, एवढी वर्षं सोबत काढली. राहू देत कोपऱ्यात."

मला वाटलं म्हातारी हळवी झाली. धाकट्यालाही तेच वाटलं, म्हणून त्यानं वाद घातला नाही.

नवी भट्टी आली. उंच, चकचकीत, काचेच्या दाराची. बसवायला आलेला मेकॅनिक भला माणूस होता. भट्टी पूर्ण तापवून त्यानं मावशीला हात लावायला सांगितला. तिनं मनगट लावलं. लोखंडी कपाटासारखी गार.

"आत आग आहे, बाहेर पत्ता नाही," तो म्हणाला. "पत्र्याच्या मध्ये जाड अस्तर आहे. जराही वाया जात नाही."

"चांगलं आहे," मावशी म्हणाली. आणि खरंच चांगलं होतं. गॅस म्हणजे जमिनीत गाडलेलं आणखी जुनं ऊन, ते कमी जळावं हे मलाही पटतं. पण त्या माणसाच्या लेखी जे वाया जात होतं, त्यावर आमची अख्खी उतरती चालायची. चोराला चोरी दिसते, तशी बचत करणाऱ्याला गळती दिसते. गळतीखाली कोण ओंजळ धरून बसलंय, ते त्याला सांगणार कोण?

थंडी त्या वर्षी लवकर आली. भिंत पहिल्या आठवड्यातच विझली. मावशीनं कोळशाची शेगडी ठेवून बघितली, तर पैलवान गुदमरला. धाकट्यानं स्वतःहून विजेचा हीटर आणून दिला. तो लावला की बेकरीचा फ्यूज उडायचा आणि उडाला नाही तर पैलवानाचा घसा इतका सुकायचा की बोलायला शब्द सुटायचे नाहीत. आगीतून निघाला आणि फुफाट्यात पडला. गरम पाण्याच्या पिशव्या पहाटेच्या आधी थंड व्हायच्या, आणि खरी थंडी तर पहाटेचीच. पैलवान दिवसेंदिवस बोलायचा कमी झाला. एकदा मी गेले तर भिंतीपासून दूर, अंग चोरून बसला होता. भिंत आता त्याच्यातलीच ऊब ओढून घेत होती.

"धनको फिरला," तो म्हणाला. "इतकी वर्षं दिलं, आता वसूल करतोय."

त्या दिवसांत मावशी चिडचिडी झाली. तिला नव्या भट्टीत काम उरलं नव्हतं. बटणं धाकट्याची सून बघायची. मावशी नुसती पाव मोजून गिऱ्हाइकाला द्यायला पुढे उभी. आणि तिथंच तिला मांजर आठवलं.

"मांजर कुठं गेलं?" तिनं धाकट्याला विचारलं.

"असेल कुठंतरी. भट्टी गेली, राख गेली, ते कशाला थांबतंय?"

मांजर गेलं नव्हतं. शटरजवळ पाव निववायच्या चाकाच्या मांडण्या उभ्या असायच्या. पाव भट्टीतून निघाला की लगेच पिशवीत भरता येत नाही, घाम सुटतो आणि बुरशी धरते. म्हणून तो जाळीवर ठेवून निववतात. त्या मांडण्यांच्या खाली, सगळ्यात खालच्या खणाखाली मांजर पसरलं होतं, पोट वर करून. बाहेर माणसं हातावर फुंकर मारत रांगेत उभी, आणि हे साहेब उन्हाळ्यात.

मावशी खाली बसली. तिनं मनगट मांडणीच्या कडेला धरलं. ते तिनं तसंच बराच वेळ धरून ठेवलं. गिऱ्हाईक ओरडत होतं तरी.

मला तिनं नंतर सांगितलं ते असं. "मेकॅनिक म्हणाला बाहेर काही येत नाही. मला वाटलं खरंच. अगं, पाव येतो की बाहेर. भट्टीतली सगळी आग पोटात घेऊन येतो आणि शटरजवळ उभा राहून रस्त्याला वाटून टाकतो. आपण भिंतीकडे बघत रडतोय, आणि ऊब पुढच्या दारानं चाललीय."

मांजरानं सही केली नव्हती, ठिय्या दिला नव्हता. ऊब जिथं गेली तिथं ते मागोमाग गेलं, एवढंच. मी हे कौतुकानं नाही सांगत, थोडी चिडूनच सांगते.

मावशीचं म्हणणं सरळ होतं. जुन्या भट्टीच्या जागी पिठाची पोती नकोत, निववायच्या मांडण्या आत आणा. भिंतीला एक जाळीची खिडकी पाडा. धाकटा तयार होईना. मांडण्या आतबाहेर ढकलायला माणूस लागेल, पोती कुठं ठेवायची, आणि खरं कारण तो शेवटी बोलला.

"वहिनी, आजारी माणसाच्या खोलीला लागून पाव ठेवला तर लोक काय म्हणतील? खोकला ऐकू जातो दादाचा."

माझी जीभ सुटायच्या आत मावशी बोलली. "बरोबर आहे तुमचं, भावजी. पण त्यांच्या छातीत पीठ आहे, रोग नाही. आणि वारा पावाकडून त्यांच्याकडे जाईल, त्यांच्याकडून पावाकडे नाही. ऊब उलटी चालत नाही. हे माझं नाही, हिच्या पुस्तकात आहे."

पुस्तकात नेमकं तसं नव्हतं. मी मान मात्र जोरात हलवली.

धाकटा दगड नव्हता. "एक महिना," तो म्हणाला. "पावाला काही झालं तर मांडण्या पुढे."

सुतारानं जाळी बसवली. उतरतीला त्यानं इतक्या फळ्या वाळवल्या होत्या की पैशाची गोष्ट काढली तर तो उठूनच गेला असता. मावशीनं त्या काजळीच्या विटा भिंतीला लागून दोन्ही अंगांनी रचायला लावल्या आणि मला तेव्हा समजलं, त्या तिनं कशाला राखल्या होत्या ते. आगीला सरावलेली वीट ऊब धरून ठेवते. सबंध दिवस पाव निवत राहिला की ती थोडी थोडी पिऊन घेईल आणि रात्री सोडेल. पैलवान खाटेवरून बघत होता. "दगडापेक्षा वीट मऊ," तो म्हणाला.

आणि इथं मावशीनं तिच्याच धंद्यातली चूक केली. ऊब हातची निसटली होती एकदा, आता तिला एक चिमूटही जाऊ द्यायची नव्हती. तिनं मांडण्यांच्या खोलीचं दार पोतं टांगून बंद केलं. मागच्या खोलीच्या खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबल्या. धुराड्याचं जुनं भोक मातीनं लिंपून टाकलं. मीच तिला चिंध्या फाडून देत होते.

पहिला दिवस स्वर्ग. पैलवानानं शालसुद्धा काढली. तिसऱ्या दिवशी भिंतीवरून पाणी ओघळायला लागलं. पावाची वाफ जाणार कुठं? पैलवानाचं पांघरूण ओलसर झालं, श्वास जड झाला, आणि पावाचं कवच चामड्यासारखं वाकायला लागलं. आठवडा झाला नाही तोच गिऱ्हाइकं बुरशीचे पाव परत घेऊन आली. एकानं पाव टेबलावर आपटला आणि धाकट्याच्या सुनेला नको ते बोलला.

धाकटा मागच्या खोलीत आला. आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्त लागलं. "वहिनी, मी करून बघितलं. उद्यापासून मांडण्या पुढे. दादाला माझ्या घरी वर घेऊन जाऊ."

"वर जिना आहे," मावशी म्हणाली. "हे जिना चढतात का?"

वरच्या घरात ऊब कितीशी होती तेही सगळ्यांना माहीत होतं.

मी बोलायला तोंड उघडलं तर पैलवानानं हात वर केला. त्याला दम लागत होता, म्हणून तो तुटक तुटक बोलला, पण बायकोशी बोलला.

"धुराड्याची झडप... पूर्ण बंद केली होतीस का कधी?"

मावशी त्याच्याकडे बघत राहिली.

"कधी?" तो पुन्हा म्हणाला.

"नाही," ती म्हणाली. "दोन बोटं उघडी ठेवायची. नाहीतर आग मरते."

"मग?"

ती खाटेवर चढली आणि खिडकीच्या वरच्या फटीतल्या चिंध्या ओढून काढायला लागली. गार हवेची धार खोलीत घुसेल म्हणून मी पुढे झाले, पण तसं झालं नाही. बाहेर पडली ती आतलीच कोंदट वाफ. आणि जाळीतून, विटांवरून, पावांच्या अंगावरून नवी कोरडी ऊब हळूच आत सरकायला लागली. मावशीनं मनगट जाळीशी धरलं, मग वरच्या फटीशी, मग परत जाळीशी.

"चालतीय," ती म्हणाली. "भावजी, त्या दाराचं पोतं काढा जरा. खालून दोन बोटं."

धाकट्यानं काढलं. का काढलं ते मी विचारलं नाही. भाऊ होता, म्हणून असेल. किंवा बेकरीत वाढलेला होता आणि झडपेची गोष्ट त्यालाही मनगटातून कळली असेल.

मी नंतर यावर खूप विचार केला. ऊब कोंडली की तिचा घाम होतो. ती जायला जागा असेल तरच येते. तिला अडवून आपली करता येत नाही, फार तर तिच्या वाटेत खाट टाकता येते. मी आयुष्यभर अडवायचीच कामं केली, ट्रक अडवले, साहेब अडवले, रस्ते अडवले. वाट कुठून काढायची हे मात्र मला त्या खोलीत पहिल्यांदा कुणी दाखवलं.

पूर्वीसारखं झालं असं मी म्हणणार नाही, खोटं होईल. ती जुनी भिंत पाठ शेकायची, ही गार लागत नाही इतकंच. सगळ्यात कडक थंडीत पहाटेआधी पैलवानाला अजून दोन पांघरुणं लागायची. मग धाकट्यानंच मोठे पाव संध्याकाळी भाजायला सुरुवात केली, म्हणजे रात्री मांडण्या भरलेल्या राहतील. कारण विचारलं तर म्हणाला, संध्याकाळी गॅसचा दाब चांगला असतो. आम्ही मान डोलावली.

गल्लीची उतरती मात्र गेली. कडधान्यं घरोघरी शिजतात, बूट खिडकीत वाळतात नाहीतर ओलेच राहतात. त्याची हळहळ मला आहे. स्वच्छ खिडकीतून हळहळते, एवढंच.

आणि पैलवानाला काम लागलं. ताजा पाव निवताना त्याचं कवच तडतडतं, बारीक, कान दिला तरच ऐकू येतं. पैलवान जाळीला कान लावून बसायचा. चांगला भाजलेला पाव भरभर तडतडतो, घाईनं काढलेला गप्प राहतो. तो काठीनं भिंतीवर ठोकायचा आणि म्हणायचा, "ही फेरी कच्ची आहे रे." कधी चुकायचाही, तेव्हा धाकट्याची सून पाव मधोमध कापून जाळीसमोर धरायची आणि म्हणायची, "बघा मोठे मामंजी, कच्चा आहे का हा?" तो म्हणायचा, "कान भरले असतील माझे. खाऊन बघू दे." आणि तो तुकडा ठेवून घ्यायचा.

हिवाळ्याच्या भर मध्यात एकदा मी पहाटे तिथं होते. पैलवान जागा होता, पाठ विटांना लावून. मावशी चहा करत होती. खिडकीच्या बाहेर, फटीच्या खाली काहीतरी हललं. मावशीनं वाकून बघितलं. रस्ता झाडणारी बाई होती. झाडू भिंतीला टेकवून, ओले हातमोजे काढून, दोन्ही हात वरच्या फटीकडे धरून उभी होती. फटीतून पावाच्या वासाची गरम हवा तिच्या बोटांवर पडत होती. तिला आम्ही दिसलो नव्हतो.

"बाहेर चाललीय बघ सगळी," पैलवान हळूच म्हणाला. "ती फट जरा कमी कर."

मावशीनं मनगट उलटं करून फटीशी धरलं. मग हात मागे घेतला.

"राहू दे," ती म्हणाली. "तिची उतरती आहे."

पैलवान जरा सरकला, विटांना नीट टेकला आणि म्हणाला, "काटकी आणलीय का विचार तिला."